आधी उठायचं कुणी

तीर्थरूप तोमेजीमामांच्या चरणी भाचा एइशुन याचा, वाढलेल्या केसांसकट, साष्टांग नमस्कार.

आपल्याकडे पत्राची सुरुवात हवामानाने करावी लागते, नाहीतर माणूस अडाणी ठरतो. तेव्हा कळवतो की इकडे किरगिझस्तानात बर्फ पडायला लागलं आहे. तुमच्या सलूनच्या दारातल्या शेवंतीला आता कळ्या धरल्या असतील. मामींची कंबर कशी आहे? तुमची दाढ? आणि बाबांचे गुडघे? (गुडघ्यांचं खरं काय ते तुम्हीच सांगाल. आई लिहिते ‘बरे आहेत’, पण आईला भूकंपसुद्धा ‘बरा होता’.)

बाबांना आता मांडी घालून बसवत नाही, आणि आमचं देऊळ तर पिढ्यानपिढ्या बापाकडून मुलाकडे जात आलेलं. ‘काय भटकायचंय ते भटक, पण शरदातल्या पितरांच्या आठवड्याआधी घरी येऊन हो की नाही ते सांग. नाही म्हणालास तर देवळाला कुलूप लावू,’ एवढं बोलून त्यांनी मला सोडलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी अडचण एकच आहे, मामा. ज्याला स्वतःला काही उमगलेलं नाही त्याने दुसऱ्यांच्या मेलेल्या आजोबांपुढे बसून सूत्रं कुठल्या तोंडाने म्हणायची? बाबांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला साक्षात्कार झाला का हो? तर म्हणाले, वेळ कुठे होता. (तेव्हा ते देवळाच्या छपरावर चढून कौलं शाकारत होते.)

म्हणून साक्षात्कार शोधायला बाहेर पडलो. सोबत विमा कंपनीतली नोकरी सोडलेला सोसुके, आणि कॉलेजात रशियन शिकून घरी बसलेली मिनोरी. बिश्केकमध्ये आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. इथे जुन्या व्हॅन आपल्याकडूनच येतात, आणि अंगावरची अक्षरं कुणी पुसत नाही. आमच्या व्हॅनवर ठळक लिहिलंय, ‘सूर्यफूल बालवाडी. आत लहान मुलं आहेत, जपून चालवा.’ हे वाचता येणारी त्या रस्त्यावर आम्ही तिघंच, आणि आम्ही आत बसलेले. शिवाय तिच्या नकाशायंत्राला अजून जपानच ठाऊक आहे. आम्ही घाट चढत असतो आणि त्यातली बाई गोड आवाजात सांगते, आपण समुद्रात आहात, कृपया रस्त्यावर या. साक्षात्काराला निघालेल्या माणसाच्या कानाशी दिवसभर हे चाललेलं बरं नव्हे.

तर बिश्केकच्या वसतिगृहात ओसाकाचा एक मुलगा भेटला. तो म्हणाला, वरच्या कुरणात जुमाकादिर नावाचा म्हातारा आहे, दिवसचे दिवस चकार शब्द काढत नाही, त्याच्यासमोर नुसतं बसलं तरी माणूस बदलतो. (हा स्वतः पोट बिघडून परतला होता. बदलण्यात तो तेही धरत होता हे मागाहून कळलं.) आम्ही गेलो. नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गोल तंबू, दारात म्हातारा, आत त्याची बायको बुरमाआजी. तिने चहा दिला. आता वाटीत घोटभरही चहा ठेवून उठायचं नाही, हे आपल्या आयांनी आपल्याला घासून घासून शिकवलेलं. आणि पाहुण्याची वाटी रिकामी राहू द्यायची नाही, हे तिच्या आईने तिला. आम्ही संपवायचो, ती ओतायची. ती ओतायची, आम्ही संपवायचो. पुरे झालं की वाटीवर तळहात ठेवायचा असतो म्हणे. हे आम्हाला कोण सांगणार? सोसुके रात्रीपर्यंत डुचमळत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही म्हाताऱ्यासमोर ओळीने बसलो. तो डोंगराकडे बघायचा, आम्ही त्याच्याकडे. तो उसासा टाकायचा, आम्ही वाकून नमस्कार करायचो. आजूबाजूचे तंबू एकेक करून उठले, खाली गेले, कुरण ओस पडलं. आम्हाला वाटलं, हा एकटाच मोहातून सुटलेला. खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी माझे पाय बधिर झाले होते आणि दुसऱ्या दिवसापासून मला घरी जायचं होतं. पण मिनोरीचे डोळे इतके शांत मिटलेले, सोसुकेचा चेहरा इतका तल्लीन, की यांचा साक्षात्कार तोंडाशी आलेला असताना आपण खोडा कसा घालायचा? (मिनोरी बसल्या बसल्या झोपत होती आणि सोसुके चहा थोपवून धरत होता. त्या दोघांनाही दुसऱ्या दिवसापासूनच निघायचं होतं. माझ्यासाठी थांबले होते.)

शेवटी खालच्या गावातून त्यांची सून आयझादा घोड्यावर आली. बाई फटकळ, आपल्या मामींच्या वळणाची. तिने आम्हाला पाहिलं, सासऱ्यांना पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

“अहो, उठा की आता!” ती म्हणाली. “पाहुणे उठल्याशिवाय यजमानाला तंबू मोडता येत नाही. मेंढरं गारठली, बर्फ तोंडावर आलं, आणि हे रोज आभाळाकडे बघत कुढतायत!”

मामा, त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मग काय विचारता! तंबू उतरवला, बालवाडीत नमदे कोंबले, शेगडी, कोंबड्या, एक लंगडं कोकरू आणि बुरमाआजी. मेंढरं हाकत आयझादा घोड्यावरून पुढे, म्हातारा माझ्याशेजारी पुढच्या सीटवर. यंत्रातली बाई म्हणाली, आपण समुद्रात आहात.

वाटेत एका वळणावर माळरानात कबरी आहेत. म्हाताऱ्याने हाताने थांब म्हटलं. तिथे त्याचा मुलगा आहे, आयझादाचा नवरा. गेल्या हिवाळ्यात घोड्यासकट बर्फात गेला. म्हाताऱ्याने त्याच्या पद्धतीने प्रार्थना केली, दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. मग मिनोरीमार्फत मला विचारलं, तुझा बाप काय करतो? म्हटलं, मेलेल्यांसाठी सूत्रं म्हणतो. म्हणाला, मग तूही म्हण की माझ्या पोरासाठी. मी सांगायला निघालो होतो की मला अजून काही उमगलेलं नाही, माझा अधिकार नाही. पण तो म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता आणि आयझादा घोड्यावरून खाली उतरली होती. मी सूत्रं म्हटली. लहानपणापासून पाठ असलेली, अख्खी, एकदाही न अडखळता. मधेच लक्षात आलं की आवाज थेट बाबांचा निघतोय. आयझादा रडली, मग मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

गाडीत बसल्यावर म्हातारा माझ्याकडे बघत राहिला.

“गळा चांगला आहे,” तो म्हणाला. “मग इतके दिवस गप्प का बसला होतास?”

त्याला वाटलं होतं, बोलायचं नाही असा आमचा काही नेम आहे; तो मोडू नये म्हणून बिचारा स्वतः तोंड शिवून बसला होता. मूळचा कसला बडबड्या आहे! गावापर्यंत मेंढ्यांचे रोग सांगत आला, अजून संपलेले नाहीत.

मोठ्यांस नमस्कार, मांजरास आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
एइशुन

ता. क. साक्षात्कार वगैरे काही झालेला नाही. कुणी विचारलं तर वेळ कुठे होता म्हणावं.

ता. क. दुसरा. सध्या आम्ही जुमाकादिरच्या गावातल्या घरी आहोत. तो ‘निघा’ म्हणत नाही आणि आम्हाला ‘निघतो’ म्हणवत नाही. पितरांचा आठवडा तर जवळ येतोय. पाकिटावर आयझादाचा नंबर लिहिलाय. पत्र मिळताच फोन करा आणि ‘ताबडतोब ये’ असं मोठ्याने ओरडा. मिनोरी सगळ्यांना समजावून सांगेल. रडलात तर उत्तमच.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. बाबा डोकं भादरायला येतील तेव्हा शेजारच्या खुर्चीवर धुतलेला पांढरा कपडा टाकून ठेवा आणि दुसरा वस्तरा पाजळून ठेवा. कुणासाठी म्हणून विचारतील. तुम्ही काही बोलू नका, त्यांना कळेल. केसांच्या बुरमाआजीने बारीक वेण्या घातल्यात, त्या आधी सोडवाव्या लागतील. आणि मामा, वस्तरा जपून चालवा. आत अजून लहान मूलच आहे.