घाटातच बंद पडणारा ट्रक

प्रिय पौर्णिमा,

आशीर्वाद तर आहेतच, ते मामाकडून वेगळे मागायचे नसतात. तू फोन उचलून नाही राहिली, म्हणून हे पत्र. तुझी मामी रोज तुझा नंबर लावते. घंटी वाजून वाजून थांबते, आणि मग ती माझ्याकडे असं पाहते, जणू अकोल्याचा टॉवर मीच पाडला. अक्षर पाहून नाक मुरडू नको. लागेल तेवढं वाच, बाकीचं अंदाजाने घे. आणि बोलता बोलता आपली वऱ्हाडी मधे घुसली तर घुसू दे, तुझ्याजवळ काय पुस्तकी बोलायचं?

पहिली बातमी ही, की कॉम्प्युटर ठणठणीत आहे. काल मी भरलेला ट्रक घेऊन तो मेला घाट चढलो आणि पलीकडे उतरलोसुद्धा. त्या गेममध्ये लाकडं भरा, सिमेंट भरा, मी मनात वरूडची संत्रीच भरतो. मधे कुठे चित्र थिजलं नाही, आवाज अडकला नाही. तुझी मामी मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. मग तिच्या लक्षात आलं की आपण तुझ्यावर रागावलेलो आहोत, तशी ती गुपचूप कणीक मळायला गेली.

तिचा राग तुला माहीत आहे, पण त्यामागचं सगळं माहीत नसेल. लकवा मारला तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, उजवा हात वापराल तर परत येईल, नाही वापरला तर तसाच राहील. घरी आल्यावर मात्र सगळ्यांनी माझे इतके लाड केले की बाप्पा रे बाप्पा. तुझी मामी, आमची रुख्मिणी, घास भरवायची. नितेश नांदगाव पेठेच्या मिलमधून शिफ्ट करून यायचा आणि माझ्या शर्टाची बटणं लावायचा. माझा पोरगा, माझी बटणं! मायेने करत होते, बोलणार तरी काय? हात मांडीवर पडून राहायचा आणि मी त्याच्याकडे पाहत राहायचो. एकदा बँकेत गेलो तर समोरच्या बाईने शाईची डबी सरकवली. मी मॅट्रिक पास माणूस. वरूडहून निघालो की दिल्लीपर्यंत दर मंडीत मालाच्या पावतीवर, बिल्टीवर, ऐटीत सही ठोकायचो, सहीखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. त्या दिवशी मी अंगठा दिला. घरी येऊन जेवलो नाही, आणि का नाही ते कोणाला सांगितलंही नाही.

तेव्हा एकटी तू होतीस, जिने माझा लाड केला नाही. अकोल्याच्या कॉलेजात लॅबच्या मशिनी सांभाळतेस, त्यातून सुट्टी काढून आलीस, तुझा जुना कॉम्प्युटर आणि ते खेळातलं स्टेअरिंग घेऊन. म्हणालीस, "व्यायाम नका करू मामा. ट्रक चालवा." मला हसू आलं होतं, खरं सांगतो. आयुष्यभर खरा ट्रक हाकला आणि म्हातारपणी पोरासोरांचा खेळ! पण स्टेअरिंगवर हात ठेवला आणि बोटांनी ते धरलं. सैल धरलं, पण धरलं. चमचा धरायला तयार नसलेली बोटं स्टेअरिंग ओळखत होती. तू नुसता चहा पीत बसलीस. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही पोरगी लय पोहोचलेली आहे.

इथवर यायला कित्येक दिवस लागले. आता पुढे.

मग ते अडकणं सुरू झालं. ट्रक मजेत चालायचा, आणि घाट लागला की चित्र जागच्या जागी थिजायचं, इंजिनाचा आवाज भर्रर्र करून एकाच सुरात चिकटून बसायचा. काही दाबा, ढिम्म. बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून माल भरायचा. मला तर वाटायला लागलं की घाटातच काही तरी आहे. नितेशने गेम काढून परत टाकला. मग व्होल्टेजवर संशय घेऊन स्टॅबिलायझर लावला. मग म्हणाला, आतलं चित्र दाखवणारं कार्डच गेलं असेल. तुझ्या मामीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, कारण शेजारची बाई म्हणे स्टेअरिंगकडे फार टक लावून पाहत होती. शेवटी नितेशने कूलर आणून त्याचं तोंडच त्या डब्याकडे वळवलं. मशीन तापते तर गार हवा द्या, एवढं साधं! एप्रिलच्या उन्हात आम्ही घामाने निथळून राहिलो आणि कॉम्प्युटर कूलर खात बसला. अन तरी जास्तच अडकायला लागला. मी वैतागलो. स्टेअरिंगवर टॉवेल टाकला आणि हात परत मांडीवर ठेवून दिला.

तू हे फोनवर ऐकलंस आणि मला डोस पाजला नाहीस, ही तुझी मोठी गोष्ट. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, मामा, प्रयत्न सोडू नका. तू विचारलंस, "गाणे लावले तर अडकते का?" नाही अडकत. "भल्या सकाळी खेळले तर?" जास्त वेळ चालते. "एका टायमाले एकच गोष्ट बदला मामा. दोन बदलल्या तर कोणती लागू पडली, कसं समजन?" तुझ्या सांगण्यावरून आधी स्टॅबिलायझर काढला. फरक नाही. मग घाट सोडून सपाट रस्त्यावरच चालवत राहिलो. तिथेही अडकला. म्हणजे घाटाचा काही दोष नव्हता, तिथे पोचेपर्यंत वेळ जायचा एवढंच. मग तू म्हणालीस, आता अडकला की डब्याच्या मागच्या जाळीला हात लावा. मी डावा नेला तर फोनवरून कसं कळलं तुला कोण जाणे, म्हणालीस, "उजवा." मी म्हटलं, त्याले काही समजत नाही बाई. "म्हणूनच उजवा."

आणि पौर्णिमा, मला चटका बसला. त्या हाताला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काही तरी लागलं होतं. मी ओरडलो, रुख्मिणी लाटणं घेऊन धावत आली. तू तिकडे शांत. म्हणालीस, "घाटात ट्रक तापला तर तुमी पयले काय पायता?" मी म्हटलं रेडिएटर. अन मग माझं मलाच हसू आलं. कापसाच्या हंगामात जिनिंगवर माल खाली केला की पहिलं काम रेडिएटरच्या जाळीतली रुई काढायची, नाही तर पुढच्या चढाला इंजिन उकळलंच समजा. हे मी उमेदवारीपासून करत आलो. आणि आम्ही मशीन कुठे मांडली होती? समोरच्या खोलीत, कापसाच्या गंजीला टेकून! भाव वाढेल म्हणून नितेशने छतापर्यंत कापूस भरलेला, आणि तिथेच मी ट्रक चालवून राहिलो. आपल्या इकडे कापूस घरात असतो तेव्हा तो दिसतच नाही कोणाला, घरातलंच माणूस असल्यासारखा.

रविवारी तू आलीस. मला वाटलं, आली की उघडेल, झटकेल, चहा पिऊन जाईल. तू कापसाच्या गंजीवर मांडी घालून बसलीस, हात ओढणीत गुंडाळलेस आणि पेचकस माझ्यापुढे ठेवलास. उजव्या हातापुढे. तो पडला. तू उचलला नाहीस. परत पडला. स्क्रू घरंगळत तुझ्या पायाशी आला, तरी तू हलली नाहीस. रुख्मिणी म्हणाली, "आजारी मानसाले काहून छळून राहिली व माय? तूच काढ ना." तू म्हणालीस, "मामी, ट्रक त्यायचा आहे." घाम फुटला मला, शिव्याही घातल्या दोन-चार, तुला नव्हे, पेचकसाला. पण झाकण निघालं. आत रुईची गादी! पंख्यावर, जाळीवर, कार्डावर, आणि कूलरच्या ओलाव्याने थापटून थापटून घट्ट बसलेली. तू पंख्याची पाती बोटाने धरून ठेवलीस, मी ब्रशने खरवडलं, सायकलच्या पंपाने हवा मारली. मशीन पलीकडच्या खोलीत नेली, कूलर जागेवर गेला. संध्याकाळी मी घाट चढलो.

दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला तू अख्खी दुपार दिलीस. हातावर हात ठेवून बसणं किती अवघड असतं ते मी तुझ्या चेहऱ्यावर पाहत होतो. डोळे भरले होते तुझे, पण झाकण निघेपर्यंत हात ओढणीतच राहिले. एवढी हिंमत माझ्या घरात दुसऱ्या कोणाची झाली नाही. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतं, तुझी लेक तुझ्याहून कठोर निघाली आणि तुझ्याहून मायाळू.

निघताना तू बस सुटायच्या बेतात विचारलंस. तू आणि अश्विन नोंदणी लग्न करणार, अकोल्यात. मांडव नाही, अंतरपाट नाही, नवरीला हाताला धरून आणायला मामा नको. एकच काम मामासाठी उरलं, साक्षीदाराची सही. आणि मी बोलून गेलो, अंगठेबहाद्दर मामा कशाला हवा, नितेशला घेऊन जा. तू वाद घातला नाहीस. पिशवी खांद्याला लावलीस आणि म्हणालीस, "हाव म्हणा का नाही म्हणा, लिहून पाठवजा. फोन मी उचलत नाही." तुझ्या मामीला ते लागलं. मला तेव्हा काही समजलं नाही. बस गेल्यावर मी फाटकापाशी उभा राहिलो आणि मग समजलं.

तर लिहून पाठवतो आहे. हे पत्र रुख्मिणीने लिहिलं नाही, नितेशने लिहिलं नाही. रोज सकाळी आधी एक फेरी ट्रकची, बोटं सुटी होईपर्यंत, आणि मग चार-दोन ओळी. पेन पडलं की माझं मीच उचलतो, घरात सगळ्यांना तशी ताकीद आहे. सुरुवातीची पानं फाडली, त्यांवर नुसता गिचमिडकाला होता. शेवटी शेवटी अक्षर सुधारलं आहे असं मला वाटतं, तू वर जाऊन ताडून पाहा. तारीख कळव. मी येतो, आदल्या दिवशीच येतो, इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि त्याची बटणं मी लावलेली असतील. त्या ऑफिसात कोणी शाईची डबी सरकवली तर तूच परत सरकव. आणि आता तरी मामीचा फोन उचल.

तुझाच मामा,
सूर्यभान

सहीखाली रेघ मारली आहे. टिंबंही दोन्ही दिली आहेत, एक जरा लांब जाऊन पडलं, तेही माझंच आहे.