मृत्यू नसलेला चौक

२३ मार्च
...आणि कोलार रोडवरचा शाळेसमोरचा चौक धोक्याच्या जागांच्या यादीतून खोडला. नियम साधा: तीन वर्षांत एकही मृत्यू नाही, तर जागा धोक्याची नाही. रस्ता-सुरक्षा योजनेचा निधी ३१ला संपतो. मुदतवाढीचा प्रस्ताव आज दिल्लीला जायलाच हवा होता. सव्वापाचला गेला. मिश्राजी, आमचे सेक्शन ऑफिसर, म्हणाले, मराठी लोग काग़ज़ साफ़ बनाते हैं. बरं वाटलं.

२५ मार्च
कामानं त्याच चौकात. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या सुशीलाबाई झेंडी घेऊन उभ्या. चार वर्षं उभ्या आहेत, योजनेच्या मानधनावर. शाळा सुटली. झेंडी आडवी झाली, डंपर थांबला, मुलं पलीकडे गेली.
मृत्यू का नाहीत, ते समोर उभं होतं.
त्यांनी मुदतवाढीचं विचारलं, आगे का आ गया क्या, मैडम? म्हटलं, अजून नाही. तेवढं खरं होतं.

२६ मार्च
मिश्राजींना सांगितलं, यादी सुधारून पाठवू. ते म्हणाले, प्रस्ताव परत मागवला तर सगळीच मुदतवाढ अडकेल, बाकीच्या जागाही लटकतील. चुकीचं नव्हतं. मग हसून, "तो कारण क्या लिखें? एक एक्सीडेंट करवा दें?" मी हसले नाही. तेही थांबले.
जेवताना बाबांना सांगितलं. तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होते. म्हणाले, "जे मशीन बंद पडत नाही, त्याचा तेल घालणारा आधी कमी करतात. मीही केलाय." आणि ताक मागितलं.

३० मार्च
मुदतवाढ आली. एक वर्ष. यादीप्रमाणे. ऑफिसात पेढे. मीही घेतला.
दुपारी त्या एका चौकासाठी वेगळा प्रस्ताव लिहायला बसले. कारणाचा रकाना. जे घडलं नाही त्याचा पुरावा काय जोडायचा. शेवटी लिहिलं, इथे एक बाई उभ्या असतात. मिश्राजींनी सही केली. उत्तर कधी येईल, त्यांनाही माहीत नाही.

३१ मार्च
सुशीलाबाईंना भेटले. सांगितलं. खोडलं मीच, हेही.
"कोई मरा नहीं, इसलिए?"
हो म्हटलं.
गोविंदपुऱ्यात पॅकिंगचं काम मिळतंय म्हणाल्या, उद्यापासून जाईन. राग दिसला नाही. दिसता तर बरं झालं असतं.
निघताना म्हणाल्या, "छोटे वाले गाड़ी नहीं देखते, मैडम. मुझे देखते हैं."

१ एप्रिल
सकाळी साडेनऊला चौकात गेले. नव्या सत्राचा पहिला दिवस. मुलं कडेला थांबलेली. मी रस्त्यात उतरून हात वर केला. पहिली गाडी थांबली नाही. दुसरी थांबली. ऑफिसला पोचायला उशीर झाला.