कनातीमागची पंगत

मेहकर, रविवार, संध्याकाळ

आज चहाच्या टपरीवर फारच बोललो. परदेशातले श्रीमंत फुटबॉल क्लब म्हणे आपली वेगळी लीग काढणार, लहान क्लबांशी खेळणार नाहीत. त्यांत माझाही क्लब. वीस वर्षांचं प्रेम, तरी त्याला 'माजोरडा' म्हणालो. यापुढे त्याची मॅच बघणार नाही, असंही जाहीर करून बसलो.

वामन भाजीवाला, माझा मॅच बघायचा जोडीदार, चहा फुंकत म्हणाला, "काऊन भाऊ, परवा पाटलाच्या पोरीच्या लग्नात तुम्ही कुठी जेवले?"

कनातीमागे, खास पाहुण्यांत. खुर्चीवर. वामन बाहेर, ताडपत्रीवरच्या पंगतीत.

"मले आत बोलावलं बे त्यायनं, म्हणून गेलो."

"मंग क्लबलेही बोलावलंच असन ना!"

सगळे हसले. वामनही, पण जरा उशिरा. लग्न आणि लीग, ही काय तुलना झाली? की झाली? कनातीमागे काजूची भाजी होती, हे मी त्याला सांगितलेलं नाही. वास तर गेलाच असेल.

उठताना त्याने पुतणीच्या लग्नाची पत्रिका हातात ठेवली. "आमच्या इथी एकच पंगत हाये भाऊ. येजा बरं."

हाव म्हणालो. क्लबला असं एकाच पंगतीला कुणी बोलावलं असतं, तर?