पिवळ्या पिशवीतलं पाऊल

प्रिय ठमाबाई,

जोडा चावून महिना झाला, तरी तुझी टाच बरी नाही. जोडा आहे की कुत्रा? फोनवर विचारलं की ‘माझं सोड, तुझं सांग’ म्हणतेस. तर ऐक.

डावं पाऊल गेलं. आईनं आपल्या दोघांना साखर वारशात दिली. मी थोरला, म्हणून व्याज आधी माझ्याकडून वसूल झालं. शुद्धीवर आल्याबरोबर सिस्टरना विचारलं, अहो, आमचे चरण कुठे ठेवलेत? म्हणाल्या, पिवळ्या पिशवीत. तोंड बांधून, वॉर्डाची चिठ्ठी लावून, बंद गाडीतून भट्टीकडे रवाना. चिठ्ठीवर माझं नाव? छे! म्हटलं, ज्यावर उभं राहून जन्मभर पोरांकडून धातुरूपं घोकून घेतली, त्याला निनावी अग्नी? तर म्हणतात कशा, काका, परत आणायचं असतं तर नाव घातलं असतं. इतका चोख युक्तिवाद मी पंडितांच्या सभेतही ऐकला नव्हता.

घरी आता तुझ्या वहिनीचं राज्य. हातमोजे चढवून ती पट्टी बदलते. मी एखादं स्तोत्र पुटपुटायला लागलो की म्हणते, तोंड बंद, पाय वर. कापसाचा बोळा स्वयंपाकघरातल्या बादलीत पडला, तर माझी खैर नाही. कचरेवाला उघड्या हातांनी पिशव्या उपसतो, त्याच्या हाताला तुमचा पू कशाला, म्हणते. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, पट्ट्या वेगळ्या पिशवीत. दवाखान्यात जाताना दोन्ही माझ्या मांडीवर. आहेर घेऊन निघालेल्या पाहुण्यासारखा दिसतो मी.

बरं, आता मुद्द्याचं. काल तुझ्या लेकीचा फोन आला. मांजरानं तुमची कचऱ्याची बादली उलटवली, आणि भाजीच्या सालींखालून, वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेल्या तुझ्या पट्ट्या बाहेर आल्या. पोरगी रडत होती. वास कसा होता ते सांगायला तिला शब्द सापडेना. मला मात्र तो तोंडपाठ आहे. अगं, तुझा तो जोडा मलाही चावला होता, आणि मीही तो असाच लपवला होता. गुरुवारी सकाळी माझ्याच डॉक्टरांकडे तुझी वेळ घेतली आहे. वेळेत दाखवलं तर पाय वाचतो, असं ते म्हणतात. लेक घेऊन येईल. मी कुबड्या टेकत दवाखान्याच्या दारात उभा असेन, तेव्हा मला ताटकळत ठेवू नकोस. पट्ट्या वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून आण. पिवळ्या पिशवीत तेवढ्याच जाऊ देत.

तुझाच,
एकपाद दादा