गौरीच्या फेरात प्रेक्षक नसतात

प्रिय विनिता,

तुझ्या टोरांटोतला बर्फ आता वितळला असेल. इकडे आमच्या वाडीवर करवंदं पिकायला लागलीत. मी अजून खोपोलीच्याच कारखान्यात, प्रयोगशाळेत. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. पण ही गोष्ट मधे न थांबता सांगायची आहे.

आपल्या वर्गातला धनेश आठवतो ना? डोंगराच्या पायथ्याच्या रिसॉर्टवर तो आता मॅनेजर आहे. गेल्या गौरीत त्याने परदेशी पाहुण्यांसाठी आमचा नाच ठरवला. आम्ही नऊवाऱ्या नेसून, गोमाकाका ढोल घेऊन खाली उतरलो, तर त्याने पिशवीतून प्लॅस्टिकची पिसं आणि चित्त्याच्या ठिपक्यांचे घागरे काढले. ऑनलाइन मागवलेले! आमची गाणी सांगणाऱ्या कोंडीआत्याने एक उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, "हे घालून भात लावाया वाकता येल का रं?" सगळे हसले. मला मात्र हसू येईना. धनेश म्हणाला, "तू तर जीन्स घालतेस, मग ह्यात काय हाय?" मी म्हटलं, "जीन्स मला आवडली, म्हणून मी घेतली. हे तू आणलंस, आमी कसं दिसावं ते ठरवून." आणि आम्ही तसेच माघारी डोंगर चढलो. पुढच्या वर्षी दुसऱ्या वाडीला बोलावतील, ही धास्ती सगळ्यांच्याच मनात होती.

अंगणात रोजच्यासारखा फेर धरला, तोच धनेश धापा टाकत वर आला. "आत्या, लोकं वाट बघतायत गं."

"मंग आण वर. पण बसून बघायचं नाय. आला त्यानं नाचायचं."

आले, विनिता! वीसेक माणसं, चिखलात अनवाणी. कुणाचा पाय कुठे, कुणाचा कुठे. आत्या गाण्यातच त्यांना चिडवत होती आणि ते न समजता खुशाल झील धरत होते. शेवटी धनेशलाही ओढलं. लहानपणी शिकलेला पाय तो विसरला नव्हता.

त्या पाहुण्यांतली एक बाई तुझ्याच शहरात लोकनाचांचा मेळावा भरवते. तिने आम्हाला बोलावलंय. तिने पाठवलेला सभागृहाचा फोटो बघून आत्याने एवढंच कळवायला लावलं, की खुर्च्या काढा. त्यांनी ऐकलं. आत्याचा पासपोर्टही आलाय. फोटोत ती कुणालातरी दटावतेय असं वाटतं.

आता पत्राचं खरं कारण. आम्ही जूनमध्ये येतोय. आमच्या गाण्यांचा अर्थ सांगायला ते दुभाषा देणार होते. मी नको म्हटलं आणि तुझं नाव दिलं, तुला न विचारता. तिथे तू सगळ्यांना मुंबईची आहे म्हणून सांगतेस, हे तुझ्या आईकडून कळलं. राग नाही गं, ते सोपं पडत असेल. पण त्या दिवशी माइक हातात घेशील तेव्हा कर्जतची म्हण. कुठे आलं हे कर्जत, असं कुणी विचारलं तर विचारू दे. सांगायला आपण दोघी आहोत.

तुला फेरात ओढायला येणारी, तुझीच
भाग्यश्री