विहिरीत सोडलेला दोर

माहीम, १९८४

आदरणीय हंसामावशी,

पुंडलिककाका दुसऱ्या महायुद्धात कसे गेले, हे कळेपर्यंत कुंकू पुसणार नाही, असे तुम्ही म्हणालात. काल बाबा प्रथमच बोलले. मालवाहू जहाजांच्या ताफ्याला त्या दोघांची युद्धनौका सोबत करत होती. काका समुद्रात पडले. पाणबुडीच्या भीतीने नौका थांबवायला मनाई होती. हातात दोर असूनही बाबांना केवळ त्यांच्या हाका ऐकाव्या लागल्या.

एवढे सांगून त्यांनी भर दुपारी आमच्या विहिरीत दोर सोडला. "पुंडलिका, धर." त्यांना आवरायला मी दोर पकडला, तर तो खालून ताणलेला होता.

"खेच पोरी, दमलाय तो."

मावशी, काका गेले असे आता मी कसे लिहू? हे पत्र माझ्यापाशीच राहील.

तुमच्या जानूभाऊंची लेक,
चंद्रकांता