मरळ गोड होती

पुणतांबा, ११ जानेवारी २०२५

प्रिय दीनास,
दादाचा सप्रेम सलाम. फोन उचलत न्हाईस, म्हनून पत्र. सूर्यभानच्या टेम्पोतून धाडलेल्या दोन मरळी पोचल्या का? का कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवनारीला मासे साफ करायचा कंटाळा आला? आमची ग्लोरिया बघ. पोलीस भरतीसाठी पहाटे गोदावरीच्या कडेनं पळती. आली की मी धरलेली मरळ निखाऱ्यावर टाकती अन् अर्धीकच्चीच ओढून खाती. आईची बोलणी खाती, पन ऐकत न्हाई. तुझ्यावरच गेलीय. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा गिदोनदादा

अहिल्यानगर, १६ जानेवारी

प्रिय दादास,
सप्रेम सलाम. परीक्षांच्या गडबडीत फोन राहिला, रागावू नकोस. मरळ फार गोड होती. यांनी काटेसुद्धा चोखले. ग्लोरियाला म्हणावं, जरा दम धर, नीट भाजून खा. वर्दीतला पहिला फोटो आत्याला पाठव. वहिनींना सलाम. अशीच आठवण काढत राहा.
तुझी दीना

पुणतांबा, २ मे

प्रिय दीनास,
सलाम. मार्चात ग्लोरियाच्या गालावर सूज आली, उतरली, मग कपाळावर निघाली. आमी गांधीलमाशी चावली समजलो. एप्रिलात डाव्या डोळ्यानं धुरकट दिसाया लागलं. डॉक्टरांनी डोळ्यातून जिता किडा काढला. म्हनले, कच्च्या माशातून गेला. मी भांडलो. म्हनलं, माझी बहीन हेच शिकवती, याच नदीची मरळ तिनं खाल्ली, काही असतं तर बोलली नसती का? डोळा गेला. भरतीचा अर्ज पोरीनं सोताच्या हातानं फाडला. तू ये.
गिदोनदादा

अहिल्यानगर, ७ मे

दादा,
मी ती मरळ खाल्लीच नव्हती. कापताना मांसात अळ्यांच्या गाठी दिसल्या. कॉलेजात भिंगाखाली पाहिल्या, ओळखल्याही. मासे टाकून दिले. तुला काय सांगू कळेना, म्हणून फोन उचलला नाही. माझ्या लग्नात सासरच्यांनी तुझ्या हाताला वास येतो म्हटलं, तेव्हा तू भरल्या ताटावरून उठला होतास. आता मीच तुझ्या माशांना नावं ठेवली असं व्हायला नको होतं. नीट भाजून खा, एवढं लिहिलं आणि सांगून झालं असं समजून गप्प बसले. येऊ का?
दीना

पुणतांबा, १३ मे

दीना,
आत्याचं पत्र आलं म्हनून मी न वाचताच खुशीनं ग्लोरियाला दिलं. उजव्या डोळ्याजवळ धरून तिनं मोठ्यानं वाचलं. तिची आई तिथंच हुती.
ती अर्धीकच्ची खायची तवा मी हसत बघायचो, ते माझं मी भोगीन. पन एका ओळीनं तिचा डोळा वाचला असता, अन् ती ओळ तुला लिहिता येत हुती.
ग्लोरिया म्हनती, आत्याला कळवा, मला राग न्हाई. ते तिचं तिनं कळवावं. माझ्या दारात येऊ नको.
गिदोन